आधी उतरणाऱ्याला

पहाटेचे पाच वाजून गेलेत. शेंडी मागे पडली आहे आणि रस्ता भंडारदऱ्याच्या पाण्याला बिलगून वळणं घेत चालला आहे. दिव्यांच्या झोतात रस्त्यावर बसलेला रातवा दिसतो. त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. चाक अगदी जवळ येईपर्यंत तो हलत नाही. खिडकीतून भिजलेल्या भाताचा वास येतो. पाणी दिसत नाही, पण जवळच आहे हे गारव्यावरून कळतं.

संगमनेरहून अडीचला निघालोय. अकोले झोपेत होतं, राजूरला फक्त एक चहावाला जागा होता. ऑक्टोबरचा पहिला रविवार आहे. पाऊस गेलाय, ऊन अजून पुरतं पेटलेलं नाही. या दोन-तीन आठवड्यांत रतनगडावर पुष्कळ माणसं येतात.

रतनवाडीत चुली पेटल्या आहेत. कौलांवर धूर साचून राहिलाय. अमृतेश्वराच्या देवळाशी गाड्या लावायला जागा आहे, ती निम्मी भरली आहे. मी सवयीने नंबराच्या पाट्या वाचते. एमएच 12, एमएच 14, एमएच 15, एमएच 04. पुणे, पिंपरी, नाशिक, ठाणे. आमच्या भागाची एमएच 17 मोजून दोन, त्यातली एक माझी. नगर शहराची एमएच 16 एकही नाही. दर वेळी हेच. सह्याद्रीतला इतका उभा, इतका कातळाचा गड आपल्याच जिल्ह्यात आहे आणि त्याच्या पायथ्याशी आपल्याच गाड्या नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

उजाडतं तसं देऊळ काळोखातून बाहेर येतं. आधी शिखर, मग भिंतीवरची नक्षी, मग ओला पाया. हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं, हजाराहून जास्त वर्षांचं मानतात. पुष्करणीच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. पाण्यावर पिवळी पानं. एक आजी कळशी घेऊन खाली उतरते, पायरी न बघता. तिचे पाय या दगडांना ओळखतात.

वाटाड्या मामा येतात. साठीच्या पुढचे. डोक्याला टॉवेल, कमरेला कोयता, पायात प्लॅस्टिकचे बूट. हातात काहीच नाही. माझ्या पाठीवर तीन लिटर पाणी, भाकरी-ठेचा, काकड्या, दोराचं वेटोळं, औषधांची पेटी.

"ताई, पाणी पुरंल ना? वर गुहेपाशी टाकं हाये, पर नदी सोडली की तिथवर मध्ये कुठं न्हाई," मामा विचारतात.

पुरेल, म्हणते. निघतो.

वाट शेतांच्या बांधावरून जाते. भात पोटऱ्यात आलंय. वरच्या उताराला खुरासणी फुलली आहे, पिवळी धमक. नागलीची कणसं अजून हिरवी. मग झाडी सुरू होते आणि पहिला पाण्याचा आवाज.

ही प्रवरा. रतनगडाच्या अंगावर उगम पावते आणि इथे, गावापासून हाकेच्या अंतरावर, चार पावलांत ओलांडता येते. पाणी घोट्याएवढं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं स्वच्छ. माझं घर हिच्याच काठी आहे, पुष्कळ खाली, जिथे ती पात्र पसरून संथ वाहते आणि पुलावरून एसटी जाते. तिथून ती नेवाशाला जाते, जिथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीत मिळते. आमच्याकडे तिला अमृतवाहिनी म्हणतात. मी बूट काढून अनवाणी ओलांडते. पाण्याने पोटऱ्यांना कळ येते इतकं ते गार आहे.

नदी पुन्हा आडवी येते. मग पुन्हा. प्रत्येक वेळी थोडी बारीक, थोडी जास्त बोलकी.

जंगल दाट होतं. हिरडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या. कारवीचे दांडे माणसाच्या डोक्याच्या वर गेलेले. उजेड खाली पोचत नाही. माती ओली, मुळं निसरडी. रातकिड्यांचा आवाज एकदम थांबतो, एकदम सुरू होतो. मागून पंधरा-वीस मुलामुलींचा गट येतो, त्यांच्यापाशी गाणी वाजवणारा डबा आहे. मामा थांबतात. हात जोडतात.

"बाळांनो, त्यो बंद करा. वर कड्याला आग्या मोव्हाळ हाये."

मुलगा मान डोलावतो, बटण दाबतो. पुन्हा रातकिडे.

कड्याच्या पोटाखाली आग्या मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात, सुपाएवढी. आवाजाने, धुराने, अत्तराच्या वासाने त्या उठतात, आणि शिडीवर असताना उठल्या तर पळायला जागा नसते. ही गोष्ट गडाच्या कुठल्याही वर्णनात पहिल्या ओळीत यायला हवी असं मला वाटतं. फारशी येत नाही.

एक फाटा लागतो. डावीकडची वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते. आम्ही उजवी धरतो. इथून चढ बदलतो. आतापर्यंत आपण चालत होतो. आता हात लागतात.

झाडांची मुळं धरायची, दगडाच्या खोबणीत बोटं घालायची, गुडघा पोटाशी आणायचा. मध्येच घसारा, बारीक मुरूम पायाखालून निसटतो आणि मागच्याच्या अंगावर जातो. "दगड!" असं ओरडायची पद्धत आहे. वरून कुणीतरी ओरडतं, सगळे कडेला चिकटतात, मुठीएवढा दगड दोन टप्पे घेत कारवीत गडप होतो. कुणी काही बोलत नाही. मग पुन्हा चढ.

झाडी संपते आणि अंगावर ऊन येतं. साडेनऊ वाजलेत. समोर कातळ. उभा, काळा, वरपर्यंत.

आणि त्याच्या पायाशी रांग.

लोखंडी शिडीखाली माणसं वळण घेऊन उभी आहेत. कुणी कातळाला पाठ टेकलेली, कुणी सॅकवर बसलेली. मी मोजते, त्रेसष्ट. मामा म्हणतात, जुलै-ऑगस्टात शनिवारी-रविवारी याहून लांब असते, तीही पावसात भिजत. शिडीवर एका वेळी मोजकीच माणसं. वरून माणसं उतरत आहेत, कारण रात्री गुहेत राहिलेले आता परत निघालेत. खालचे थांबले आहेत. शिडीचा एकच नियम आहे आणि तो कुठेही लिहिलेला नाही. आधी उतरणाऱ्याला.

सावली नाही. कातळ तापत चाललाय. शिडीच्या कठड्याला हात लावणारा प्रत्येक जण हात झटकतो आणि पुन्हा लावतो. घामाचा, लोखंडाचा, ठेचलेल्या गवताचा वास. एक बाई पदराने मुलाला वारा घालते. एका दगडावर गावातली दोन पोरं लिंबू सरबताची कळशी घेऊन बसलीत, सोबत काकडी आणि तिखट-मिठाची पुडी. कळशी त्यांनी पहाटे खालून डोक्यावर आणली आहे. माकडं कड्याच्या फटींत बसून पिशव्यांवर नजर ठेवून आहेत. एकाची पिशवी जाते. बिस्किटाचा कागद वाऱ्यावर तरंगत खाली दरीत जातो आणि पोरांपैकी एक तो जाताना बघत राहतो.

थांबायचंच आहे तर मी गाल कातळाला लावते. जवळून पाहिलं तर हा दगड एकसारखा नाही. त्यात बारीक पोकळ्या आहेत आणि पोकळ्यांत पांढरे, चमकणारे खडे. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांत ते नंतर वाढले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते बुडबुडे. लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, काही कठीण, काही मऊ. मऊ थर झिजून उतार झाले, त्यांच्यावर माती धरली, जंगल आलं. कठीण थर उभेच राहिले. म्हणून सह्याद्री असा चढतो: चाल, मग कडा, पुन्हा चाल, पुन्हा कडा. पाय जिथे दमतात तिथे मऊ थर, हात जिथे लागतात तिथे कठीण.

पाठीमागे दरी उघडी झाली आहे. भंडारदरा धरणाचं पाणी खाली निळं पडलंय. 1910 ला सुरू झालेलं ते दगडी धरण 1926 ला पुरं झालं. तेव्हापासून या डोंगरांचा पाऊस त्याच्या भिंतीमागे थांबतो आणि मग खालच्या उसाला, डाळिंबाला, आमच्या नळांना मिळतो. 17,048 चौरस किलोमीटरचा आपला जिल्हा, राज्यात सगळ्यात मोठा. नगर शहरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला की लोक समाधान मानतात. इथे, घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात, तो काही हजारांत मोजतात. एकाच जिल्ह्यात टँकरची रांग आणि हा धबधब्यांचा मुलूख. पूर्वेच्या तालुक्यातल्या मुलांना इथे एकदा तरी आणायला हवं. पाणी कुठून येतं हे पुस्तकात वाचणं वेगळं.

रांग पुढे सरकते. चार पावलं. पुन्हा थांबते.

माझ्यापुढे कॉलेजातली एक मुलगी आहे. शिडीकडे बघते, खाली बघते, ओठ चावते. तिचे दोघे मित्र वर पोचलेत आणि हाका मारतायत. तिला ते ऐकू येत नाही. हा चेहरा मी ओळखते. एकोणिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा शिड्या जुन्या होत्या आणि पाय ठेवला की हलायच्या. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर माझे पाय गोठले होते. वरही जाईना, खालीही येईना. तेव्हा एका वाटाड्याने खालून माझी टाच हाताने धरून पुढच्या पायरीवर ठेवली होती.

मामा तिच्याजवळ जातात.

"ताई, खाली बघू नका. पाय पुरा टेकवा, निम्मा नको. एक हात सुटला तर दुसरा धरलेला पायजे. घाई करू नका, कुणी पळून चाललं न्हाई."

ती चढते. एक पायरी. थांबते. एक पायरी. तिच्यामागे मी. लोखंड तळहाताला चटका देतं. पायऱ्यांच्या मधून खाली दरी दिसते, झाडांचे शेंडे मेथीच्या जुडीएवढे. वारा बाजूने येतो आणि सॅक ओढतो. रांगेत उभं राहायला पन्नास मिनिटं लागली. शिडी संपायला चार.

शिडीनंतर लोकांना वाटतं सुटलो. पण कातळात खोदलेल्या पायऱ्या त्यापुढे आहेत. गुडघ्याएवढ्या उंच, शतकांच्या पावलांनी मधोमध झिजलेल्या, ओलीवर शेवाळ धरलेल्या. रतनगडाची खरी परीक्षा मला इथे वाटते. शिडीवर धरायला काहीतरी असतं. इथे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला हवा.

गणेश दरवाजा. दगडी कमानीखालची सावली अंगावर पडते आणि सगळे एकदम गप्प होतात. इथे उन्हातही गार आहे. घाम पाठीवर थंड होतो. पुढे गुहा, रत्नादेवीचं ठाणं, शेंदूर, वाळलेली फुलं. शेजारच्या मोठ्या गुहेत रात्रीच्या चुलीची राख. टाक्याचं पाणी बाटलीत भरते. मामा ओंजळीने पितात, तोंडावर मारतात, टॉवेल भिजवून पुन्हा डोक्याला गुंडाळतात.

हनुमान दरवाज्यातून वर आलं की गड मोकळा होतो. गुडघाभर गवत, वाऱ्यासरशी एकाच दिशेने झुकणारं. सोनकीची फुलं आता शेवटच्या टप्प्यात आहेत, कडेने पांढरी पडू लागलेली. सप्टेंबरात हा सगळा माथा पिवळा असतो. राणीचा हुडा दिसतो, एकटा उभा बुरूज, गोल. त्याच्या दगडांत चुना नाही तिथे गवत उगवलंय. पुढे कोकण दरवाजा आणि तिथून खाली जे आहे त्याला उतार म्हणता येत नाही. जमीन संपते. धुक्याची पातळ साय खाली पसरली आहे, तिच्याखाली कुठेतरी ठाणे जिल्हा आहे.

नेढ्याकडे शेवटचा चढ आहे. थोडा, पण हातापायाने. कातळाच्या धारेला आरपार भोक पडलंय, त्याला नेढं म्हणतात. सुईला असतं तसं. धारेचा कठीण भाग राहिला, मधला कच्चा भाग वाऱ्यापाण्याने नेला. माणूस त्यात उभा राहू शकतो, दहा-बारा जण बसूही शकतात. मी आत शिरते आणि वारा मला मागे ढकलतो. बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. टोपी हातात घ्यावी लागते. घामाचा शर्ट दोन मिनिटांत सुकतो.

इथली उंची 1,297 मीटर. हा आकडा मोठा नाही. हिमालयात या उंचीवर बाजार भरतात. पण रतनवाडीपासून पाचशे मीटरहून जास्त चढ दोन-अडीच तासांत अंगावर येतो आणि त्यातला शेवटचा तुकडा उभा असतो. आकड्यावरून डोंगर निवडणाऱ्यांना मी नेहमी सांगते, उंची बघू नका, पायथा ते माथा यातलं अंतर बघा आणि त्यात कातळ किती ते विचारा.

मामा बोट करतात. मी त्यांच्या बोटामागे जाते.

उत्तरेला तिघे एका ओळीत: कुलंग, मदन, अलंग. कुलंगची चढण लांब, दमवणारी. मदन आणि अलंगला दोर लागतो, आणि दोर बांधणारा जाणता माणूस लागतो. 1818 नंतर इंग्रजांनी तिथल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. त्यांच्या उजवीकडे कळसूबाई, 1,646 मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक. पायथ्याच्या बारी गावातून तिथे सुमारे 2,700 फूट चढावे लागतात. शिड्या आहेत, साखळ्या आहेत, आणि नवरात्रात आसपासच्या बाया ओटीचं सामान घेऊन, काही अनवाणी, तो चढ चढतात. दक्षिणेला कात्राबाई, तिच्यामागे आजोबा, आणि दूर धुरकट हरिश्चंद्रगड, जिथे कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे. त्याच्या नळीच्या वाटेने खालून, बेलपाड्याहून, वर यायला धडधाकट माणसाचा अख्खा दिवस जातो. सगळी वाट मोठमोठ्या धोंड्यांची.

हे सगळं एका नजरेत. यातल्या एकाही डोंगराच्या पायथ्याला पोचायला मला घरून अर्ध्या दिवसाहून जास्त लागत नाही. नगरकरांना थोडं जास्त लागेल, पण सरावाला त्यांच्या जवळ मांजरसुंब्याचा गड आहे, गोरक्षनाथाचा डोंगर आहे. महिनाभर दर रविवारी तिथे चढउतार केला तर रतनगडाची शिडी दम काढत नाही.

हा माझा सतरावा रतनगड. मे महिन्यात आलेय, जेव्हा हे गवत पिवळं कोरडं असतं आणि दगडावर बसता येत नाही. जानेवारीत आलेय, जेव्हा पहाटे गुहेत दात वाजतात. दूरचा डोंगर आयुष्यात एकदा होतो. जवळचा पुन्हा पुन्हा होतो, आणि दर वेळी आपलं शरीर कुठे आलंय ते सांगतो. शिडीखालचा चढ मी तिशीत न थांबता चढायचे. आज तीनदा थांबले. ते मला इथेच कळतं, दुसरीकडे कुठे कळत नाही.

भाकरी सोडतो. मामा त्यांच्या फडक्यातली नागलीची भाकरी पुढे करतात, मी ठेचा. ती कॉलेजातली मुलगी नेढ्याच्या तोंडाशी पाय सोडून बसली आहे. मामा तिला हाताने आत सरकायची खूण करतात. ती सरकते, हसते.

एक वाजतो. "चला," मामा म्हणतात.

उतरताना गुडघे बोलू लागतात. झिजलेल्या पायऱ्यांवर मी तोंड कातळाकडे करून उतरते. पाय हवेत चाचपडतो, खाली दगड सापडतो, मग वजन टाकायचं. सापडल्याशिवाय टाकायचं नाही. मांड्या थरथरतात. वाटेतली बरीचशी मोडतोड चढताना होत नाही, अशा दुपारच्या उतारावर होते. पाणी संपलेलं असतं, लक्ष घराकडे गेलेलं असतं, आणि पाय निम्माच टेकलेला असतो. मोबाईलला इथे रेंज नाही. झोळी करून माणूस खाली न्यायचा तर गावातलीच आठ-दहा माणसं लागतात, शेतातलं काम टाकून आलेली.

शिडीचं वरचं टोक. मी खाली बघते. खाली पुन्हा रांग, उशिरा निघालेल्यांची. तापलेली तोंडं वर वळलेली. एक जण पहिल्या पायरीवर पाय ठेवतो. त्याच्या मागचा त्याचा खांदा धरतो, मागे घेतो.

"येऊ द्या, ताई! सावकाश या!"

मी उतरते. पाय पुरा टेकवत. कुणी घाई करत नाही. खाली पोचल्यावर त्या अनोळखी माणसाला मी काकडी देते, तो अर्धी मागच्याला देतो.

तुम्हीही या. रविवार टाळा, मंगळवार-बुधवार निवडा. गावातला वाटाड्या घ्या, तो कुटुंबासह इथेच राहतो आणि वाट त्याच्या पायांत आहे. तीन लिटर पाणी घ्या. अत्तर लावू नका, गाणी वाजवू नका, बिस्किटाचा कागद खिशात घालून खाली आणा. दुपारी दोनच्या आत माथा सोडा. आणि शिडीखाली कितीही वेळ उभं राहावं लागलं तरी आधी उतरणाऱ्याला वाट द्या.